खड्डा बुजवण्याआधी: जमिनीखालची डिझेल टाकी काढल्यावर माती आणि पाणी कसं तपासतात

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मामांचा फोन आला. डिचोलीकडच्या त्यांच्या जुन्या ट्रक यार्डातली डिझेलची टाकी त्या सकाळी क्रेनने बाहेर काढली होती.

"टिप्पर येऊन उभा आहे रे. माती ओतून घेऊ ना? पाऊस कधीही सुरू होईल."

"मामा, टिप्पर परत पाठवा. मी दुपारपर्यंत पोचतो."

मामा वैतागले. टाकी निघाली, भंगारवाल्याने भाव सांगितला, म्हणजे काम संपलं असा त्यांचा हिशोब. माझं पोट माती-पाण्याचे नमुने घेण्यावर चालतं, म्हणून मला दुसरा हिशोब दिसत होता. खड्डा उघडा असताना जी माती साध्या खुरप्याने हातात येते, तीच खड्डा बुजल्यावर हवी असेल तर ड्रिलिंगचं मशीन आणावं लागतं. त्यातही टाकीच्या नेमक्या खालची माती मिळेल याची खात्री नसते.

गोव्यात अशा टाक्या फक्त पेट्रोल पंपांवर नाहीत. हॉटेलांच्या जनरेटरच्या आहेत, कारखान्यांच्या आहेत, आणि खाणपट्ट्यात ट्रकवाल्यांच्या यार्डांतही आहेत. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक विकता आले, पण टाकी जिथल्या तिथे राहिली, तळाशी वीतभर डिझेल घेऊन. आता जमीन विकायची किंवा घर बांधायचं निघालं की तिची आठवण होते.

टाकी काढण्याच्या कामाबद्दल इथे एवढंच सांगतो की रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. भरलेल्या टाकीत द्रव असतो, रिकामीत वाफ आणि हवा यांचं मिश्रण. ठिणगी पडली तर स्फोट, आत माणूस उतरला तर गुदमरून मृत्यू. पेट्रोलियम नियम, २००२ प्रमाणे वायुमुक्त असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय अशा टाकीवर गॅस कटर चालवायचा नसतो. हा विषय बघणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला आहे. तळाचा गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो. तो कुंपणापलीकडच्या ओहोळात सोडायचा नाही. हे सांगावं लागतं, कारण मी ते बघितलं आहे.

आणि हो, टाकी पावसाळ्याआधीच काढावी. वीस हजार लिटरची रिकामी टाकी पाण्यात पूर्ण बुडाली तर पाणी तिला साधारण वीस टन जोराने वर ढकलतं आणि तिचं स्वतःचं वजन असतं जेमतेम काही टन. भूजल वर चढलं की रिकामी टाकी जमीन फोडून वर येऊ शकते.

आधी वही, मग खुरपं

मी पोचल्यावर मामांकडे पहिल्यांदा डिझेलची वही मागितली. सकाळी किती साठा, दिवसात किती दिलं, संध्याकाळी डिप रॉडवर, म्हणजे टाकीत सोडून पातळी मोजायच्या काठीवर, किती दिसलं, हे त्यात रोज लिहिलेलं. दोन-पाच लिटरांचा फरक चालतो, कारण तापमानाने डिझेल फुगतं-आकसतं. पण फरक दर महिन्याला एकाच दिशेने पडत असेल तर डिझेल कुठेतरी जातंय. मामांच्या वहीत एका जुलैत दोन ठिकाणी 'पाणी आलं' असा शेरा होता. पावसाळ्यात टाकीत पाणी सापडण्याची मुख्य कारणं दोन: वरचं झाकण नीट बसत नाही, किंवा टाकीला भोक आहे आणि बाहेरचं भूजल आत शिरतंय. पावसाळ्यात ज्या भोकातून पाणी आत येतं, त्यातूनच उन्हाळ्यात डिझेल बाहेर जातं.

मग टाकी बघितली. लोक तिच्या कडा बघतात, मी आधी डिप रॉड जिथे टेकतो ती जागा बघतो. रोज सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं, पितळी टोकाची काठी तळाच्या एकाच जागी आपटत राहते. तिथला पत्रा झिजतो, गंज धरतो, आणि एके दिवशी टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडतं. मामांच्या टाकीला तिथे खळगा होता, भोक नव्हतं. मात्र पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या सांध्याखालची वाळू काळपट दिसत होती. हे नेहमीचंच आहे. पुष्कळदा गळती टाकीच्या पोटातून होत नाही, ती पाइपांच्या सांध्यांतून आणि टँकर रिकामा करताना भरण्याच्या तोंडाशी सांडलेल्या तेलातून होते.

म्हणून नमुने खड्ड्याच्या मधोमध घेऊन चालत नाही. टाकीच्या दोन्ही टोकांखालून, भरण्याच्या तोंडाखालून, पाइप गेला त्या चराच्या बाजूने, पंप उभा होता त्या जागेखालून, आणि चारी भिंतींतून जिथे रंग किंवा वास वेगळा वाटेल तिथून नमुना घ्यायचा. टाकीभोवती बसवताना वाळू घातलेली असते. तो नमुना घेऊन उपयोग नाही, तेल वाळूतून झरझर खाली जातं. वाळू संपून मूळ माती सुरू होते तिथून हात-दीड हात खोल जायचं.

नाकावर भरवसा ठेवायचा नाही. पाच मिनिटांत नाक थकतं आणि वास येईनासा होतो. शिवाय डिझेलच्या वाफा हुंगत राहणं तब्येतीलाही बरं नाही. आम्ही झिपच्या पिशवीत मूठभर माती घालतो, तोंड बंद करतो, दहा मिनिटं उन्हात ठेवतो आणि पिशवीला बारीक भोक पाडून आत वाफमापकाची नळी घालतो. आकडा चढला की त्या जागेचा नमुना प्रयोगशाळेत जातो. हे यंत्र पेट्रोलला चांगली दाद देतं, डिझेलला कमी, कारण डिझेल सहज उडत नाही. डिझेलसाठी दुसरी गावठी युक्ती आहे: काचेच्या बरणीत माती आणि स्वच्छ पाणी घालून हलवायचं आणि पाण्यावर तवंग येतो का बघायचं. दोन्ही गोष्टी फक्त जागा निवडण्यासाठी. निकाल प्रयोगशाळेचाच.

खरी गोम बाटलीत आहे. पेट्रोलचे विषारी घटक उडून जाणारे असतात. माती बादलीत कालवली, प्लास्टिकच्या पिशवीत भरली, गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवली, की जे मोजायचं तेच हवेत जातं. मग रिपोर्टवर 'आढळले नाही' असं येतं आणि सगळे खूश. उडणाऱ्या घटकांसाठीची माती कधीही एकत्र मिसळायची नाही. खणल्याबरोबर छोट्या काचेच्या बाटलीत भरायची, शक्यतो मिथेनॉलमध्ये बुडवायची, आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. पाण्याची बाटली चाळीस मिलिलिटरची, काचेची, आत थोडं आम्ल घातलेली, आणि इतकी काठोकाठ भरलेली की उलटी केली तरी एकही बुडबुडा दिसता कामा नये. तो बुडबुडा दिसला तर मी बाटली फेकून नवीन भरतो. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली प्रयोगशाळेतून निघून, न उघडता, तशीच परत जाते. तिच्यात काही सापडलं तर दोष आमच्या प्रवासाचा, तुमच्या जमिनीचा नाही.

काय तपासायचं हे टाकीत काय होतं त्यावर ठरतं. पेट्रोल असेल तर बेंझीन, टोल्युइन, इथिलबेंझीन आणि झायलीन, म्हणजे ज्यांना मिळून 'बीटेक्स' म्हणतात ते चार. डिझेलमध्ये हे कमी असतात. तिथे नॅफ्थलीन आणि त्याच्या जातीची जड संयुगं बघायची, आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मोजायचे. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीची पेट्रोलची टाकी असेल तर शिसंही तपासून घ्यावं.

जांभ्यातून तेल कसं जातं

चिरेखाणीत कापलेली भिंत कधी जवळून बघितली असेल तर ती पोकळ्यांनी आणि वेड्यावाकड्या नळ्यांनी भरलेली दिसते. काहींत बोट जातं. वर हा कडक जांभा, त्याखाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती, हा आमच्या बहुतेक सड्यांचा, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट पठारांचा, थर. पावसाचं पाणी जांभ्यातून पटकन उतरतं, चिकणमातीवर अडतं, मग आडवं सरकत उताराला लागतं आणि पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतं. कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा, याच पाण्यावर जगतात. सड्यावर सांडलेलं तेलही हीच वाट धरतं.

तेल पाण्यापेक्षा हलकं. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, डिझेल थोडं जास्त. त्यामुळे भूजलाला टेकल्यावर ते वर पसरतं, बुडत नाही. पण त्यातले काही घटक पाण्यात विरघळतात आणि पाण्याबरोबर पुढे जातात. डोळ्यांना दिसतो तो तवंग, आणि माणसाला भोवतो तो बहुधा न दिसणारा विरघळलेला भाग.

किती कमी पुरतं, याचा हिशोब करून बघू. आपल्याकडच्या सध्याच्या पेट्रोलमध्ये बेंझीन जास्तीत जास्त १ टक्का असू शकतं. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. ते पावणेनऊ ग्रॅम या मर्यादेखाली आणायला साधारण पावणेनऊ लाख लिटर पाणी लागेल. दहा फूट रुंद आणि पाण्याची खोली सोळा-सतरा फूट असलेल्या विहिरीत पस्तीस हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे एका लिटर पेट्रोलातलं सगळं बेंझीन पाण्यात उतरलं तर अशा पंचवीस विहिरी. प्रत्यक्षात सगळं उतरत नाही. काही उडतं, काही मातीला चिकटतं, काही जिवाणू खातात. पण बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, म्हणून मर्यादा इतकी खाली आहे.

२०२३ च्या अखेरीस दाबोळीजवळच्या माटवे भागात विहिरींत इंधन उतरल्याचं सगळ्या गोव्याने वाचलं. तिथे प्रकरण टाकीचं नव्हतं, जमिनीखालून जाणाऱ्या इंधनवाहिनीचं होतं. पण विहिरीच्या बाजूने बघितलं तर फरक पडत नाही.

पाणी कुठल्या दिशेने वाहतं हे कळायला किमान तीन निरीक्षण विहिरी लागतात, एका रेषेत नव्हे, त्रिकोणात. जाळीचा पीव्हीसी पाइप, भोवती खडी, वर चिकणमातीचं बूच. तिन्हीतल्या पाण्याची पातळी एकाच उंचीच्या खुणेवरून मोजली की उतार कळतो. (गोव्यात २००२ च्या भूजल कायद्यामुळे विहीर किंवा बोअर मारायला परवानगी लागते. निरीक्षणासाठी असली तरी जलस्रोत खात्याला आधी विचारून घ्यावं.) पुस्तकातलं इथवर ठीक आहे. पण जांभ्यात पाणी सगळीकडून सारखं झिरपत नाही, पोकळ्यांच्या वाटेने पळतं. तिन्ही विहिरी कोरड्या दगडात बसतील आणि तेलाची वाट दोन मीटरवरून निघून जाईल, असं होऊ शकतं. म्हणून मी उताराखालची आधीची विहीर, झर, आणि शेजाऱ्याची बांय (विहीर) सोडत नाही. त्या कित्येक वर्षं पाणी ओढत असतात, आणि तेल यायचं असेल तर तिथे येतंच.

त्यात पावसाळा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. मे महिन्यात दोरी सगळी सोडावी लागते ती विहीर ऑगस्टमध्ये वाकून हाताने पाणी घेता येईल इतकी भरते. भूजल वर चढलं की त्यावरचं तेलही चढतं, वाटेतल्या मातीला माखतं. पाणी उतरलं की तेलही उतरतं, पण सगळं नाही. दरवर्षी हे वर-खाली होऊन काही मीटर जाडीचा माखलेला थर तयार होतो. भर पावसाळ्यात हा थर पाण्याखाली असतो, तेल मातीच्या बारीक छिद्रांत अडकून बसतं आणि विहिरीत तवंग दिसत नाही. तेव्हा घेतलेला नमुना 'सगळं ठीक' सांगू शकतो. तीच विहीर एप्रिलमध्ये बघा.

म्हणून मला कोणी नुसता रिपोर्ट दाखवला तर मी आकड्याआधी तारीख बघतो. मग नमुना कुठून, किती खोलीवरून, आणि कशाने काढला ते. विहिरीचं पाणी नळातून घेतलेलं असेल तर त्या कागदाला फारसा अर्थ नाही. पंपाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं तोंड, तळाशी असतो, तवंग वर. पाणी पंपातून, छतावरच्या टाकीतून, नळातून येईपर्यंत उडणारे घटक उडून गेलेले असतात. पाण्याच्या वरच्या थराचा नमुना घ्यायला खाली झडप असलेली पारदर्शक नळी हळूच सोडतात. ती नसेल तर स्वच्छ कळशी पृष्ठभागाला टेकवूनही तवंग असल्याचं कळतं, मात्र मोजमाप होत नाही.

आणि नेहमीचं 'विहिरीच्या पाण्याचं पॅकेज', म्हणजे पीएच, कठीणपणा, लोह, कोलिफॉर्म, हे इथे कामाचं नाही. त्यात इंधन शोधलंच जात नाही. प्रयोगशाळेला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता आहे का एवढंच नव्हे, तर ती मान्यता या चाचण्यांसाठी आहे का ते विचारा.

तवंग म्हणजे तेलच असं नाही

वर्षातून चार-पाच फोन असे येतात: "विहिरीवर तेल आलंय, इंद्रधनुष्यी रंग दिसतात." जाऊन बघावं तर निम्म्या वेळा ते तेल नसतं. जांभा म्हणजे लोहाचा दगड. साचलेल्या पाण्यात लोहावर जगणारे जिवाणू पृष्ठभागावर पातळ चकचकीत साय धरतात. ओळखायचं सोपं आहे. काडी घालून तवंग फोडा. जिवाणूंची साय काचेसारखी तुकडे होऊन तशीच राहते. तेलाचा तवंग काडीमागून पुन्हा वाहत येऊन जुळतो. वास येत नसेल आणि कडेला तांबूस गाळ असेल तर बहुतेक साय. तरी शंका असेल तर तपासून घ्या, कारण जमिनीत मुरलेलं इंधन खाणारे जिवाणू प्राणवायू संपल्यावर लोह वापरतात आणि पाण्यातलं लोह त्यानेही वाढतं.

तेलाची शंका असेल तोवर ते पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. उकळल्याने जंतू मरतात. बेंझीन मात्र वाफ होऊन स्वयंपाकघरात पसरतं. यूव्हीच्या दिव्याचा उपयोग नाही. विहिरीत डोकावताना विडी-काडी लांब ठेवा. आणि गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा, पोच घेऊन. प्रदूषित जागांबद्दल केंद्राचे स्वतंत्र नियम २०२५ मध्ये आले आहेत, त्यामुळे आता अशा जागेची नोंद, पाहणी आणि सफाईचा खर्च कोणी करायचा याला कायद्याची चौकट आहे.

मातीचा आकडा वाचताना लोक नेहमी विचारतात, "किती म्हणजे जास्त?" सल्लागार बरेचदा डच यादीचा, म्हणजे नेदरलँड्सने प्रदूषित मातीसाठी ठरवलेल्या आकड्यांचा, आधार घेतात. तिच्यात खनिज तेलासाठी किलोमागे ५००० मिलिग्रॅम ही हस्तक्षेपाची रेषा आहे. ही 'सुरक्षित' ची रेषा नाही. इथून पुढे काही केलंच पाहिजे, अशी ती रेषा. खाली उताराला पिण्याची विहीर असेल तर मी त्याच्या बऱ्याच खालच्या आकड्यालाही गप्प बसणार नाही.

मामांच्या खड्ड्यात पाइपाच्या सांध्याखाली चिकणमातीत हातभर जाडीचा करडा पट्टा निघाला. तेवढी माती दुसऱ्या दिवशी जेसीबीने काढली, प्लास्टिकवर ढीग करून वर ताडपत्री बांधली, आणि नव्या तळाचे नमुने परत घेतले. टिप्पर पाच दिवसांनी आला, पहिल्या सरीच्या आदल्या संध्याकाळी. उताराखालच्या विहिरीत मे महिन्यात काही आढळलं नाही. मामांना वाटलं, सुटलो. मी सांगितलं, पाणी आत्ता तळाला आहे. ते चढून उतरायला लागेल तेव्हा पुन्हा बघू, आणि पुढच्या एप्रिलात आणखी एकदा.

त्यांनी विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाची खूण केली आहे. दर रविवारी तिथून गाठी मारलेली दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजतात आणि त्याच डिझेलच्या वहीत लिहितात, 'साठा' च्या रकान्यात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी बाटल्या घेऊन जाणार आहे.